नत्राच्या टाकीतला लाल्या

कॉलेजच्या पार्किंगमध्ये माझी स्कूटी लगेच ओळखू येते. पाय ठेवायच्या जागी रबरी पट्ट्याने बांधलेली ॲल्युमिनियमची टाकी असते, दुधाच्या छोट्या कॅनसारखी, पण मान बारीक. पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "ताई, तुम्ही कुल्फी विकता का?" वर्गात मी सगळ्यांहून मोठी, म्हणून ताई. मी नुसतं हसले. खरं सांगायला जीभ रेटली नाही. आता कॉलेजच्या अंकासाठी लिहायला सांगितलंय, तर सांगते. मी गाईम्हशी गाभण करते, म्हणजे कृत्रिम रेतन करते. आणि त्या टाकीत नायट्रोजन असतो, ज्याला शाळेच्या पुस्तकात नत्र म्हणायचे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर पहारा करतात. बारावीनंतर पुढे काय करतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात रेतनाचं प्रशिक्षण निघालं. गावातली पोरं नोकरीच्या मागे कंपन्यांकडे पळाली होती, मुली लाजत होत्या, मी हो म्हणाले. बिडकीनच्या आसपासच्या वस्त्यांवर काही वर्षं हे काम केलं. मग वाटलं, ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती वस्तू काय आहे हे तरी नीट कळावं. म्हणून शहरात येऊन बी.एस्सी.ला नाव घातलं. काम चालूच आहे.

काम असं असतं. गाय माजावर आली की हंबरते, चरत नाही, तिच्या अंगातून काचेसारखा चिकट सोट गळतो. मालक फोन करतो. माझ्या टाकीत पेनाच्या रिफिलसारख्या बारीक कांड्या असतात आणि प्रत्येक कांडीत चांगल्या वळूचं गोठवलेलं वीर्य. (हा शब्द लिहिताना पेन अडखळलं, पण दुसरा शब्द नाही.) कांडी बाहेर काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, लांब नळीत बसवायची आणि एका हाताने आतून गर्भाशयाचं तोंड धरून दुसऱ्या हाताने आतलं बीज सोडायचं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या तीन आठवड्यांत गाय पुन्हा माजावर आली तर ती उलटली. नाही आली तर देवाची कृपा आणि थोडी माझी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका वस्तीवर आजोबा मला बघून म्हणाले, "बाप्या माणूस नाय का कुणी?" मी म्हटलं, "आजोबा, गाय बाई आहे, मी बाई आहे. तुम्हीच जरा बाजूला व्हा." शहरात बंगल्याच्या मागे गाय पाळणारे एक निवृत्त अव्वल कारकून आहेत, फार सज्जन. त्यांनी मला चहा-पोहे देऊन तासभर बसवून ठेवलं होतं, कारण पंचांगात राहुकाळ चालू होता. मी म्हटलं, "काका, गाईचा माज निघून चाललाय." ते म्हणाले, "बाळ, एवढ्या वर्षांची सवय आहे, पाच मिनिटं थांब." थांबले. ती गाय उलटली नाही, त्यामुळे तेव्हापासून त्यांचा पंचांगावर आणि माझ्यावर सारखाच विश्वास आहे.

पहिल्या सत्रात रसायनशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर नायट्रोजनचं जुनं नाव लिहिलं: ॲझोट. त्याचा अर्थ सांगितला, जीव नसलेला. जुन्या काळच्या शास्त्रज्ञांनी या वायूत उंदीर ठेवला तर तो गुदमरून मेला, मेणबत्ती ठेवली तर विझली. म्हणून हे नाव पडलं. नाव मागे पडलं तरी त्याचा तुकडा अजून वापरात आहे, कापड रंगवायच्या अझो रंगांत, सोडियम अझाइडमध्ये. बाकीच्यांनी लिहून घेतलं. माझा हात थांबला. मी कधी वर्गात बोलत नाही. इंग्रजी चुकेल, मराठीत बोलले तर हसतील असं वाटतं. त्या दिवशी उभी राहिले.

"मॅडम, माझ्याकडे टाकीभर नायट्रोजन आहे. त्याच्यात जीव आहेत."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावून सगळं सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "त्या लोकांनी नाव जरा घाईत ठेवलं. तो कुणाला मारत नाही. उंदीर मेला तो प्राणवायू नव्हता म्हणून. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी इतकं घट्ट धरून बसतात, की ते दुसऱ्या कुणाच्या भानगडीत पडत नाहीत. आणि द्रव होईपर्यंत थंड केला, की त्या थंडीत जे ठेवाल ते आहे तिथेच थांबतं. मरत नाही, वाढत नाही."

आहे तिथेच थांबतं. हे ऐकताना मला कौसामावशी आठवली.

कौसामावशी बिडकीनच्या अलीकडे एका वस्तीवर राहते. माझी सख्खी मावशी नव्हे, पण तिकडे कुणी तिला दुसरं काही म्हणत नाही. नवरा गेला, मुलगा पुण्यात. तिच्या आजूबाजूच्या जमिनी कंपन्यांसाठी गेल्या, तिची राहिली. तिचं माहेर कंधारकडचं. लग्नात भावाने तिला लाल कंधारी गाय आंदण दिली होती, गडद तांबडी, म्हणून नावही तांबडी. त्या तांबडीच्या वंशातल्या शेवटच्या गाईला गोऱ्हा झाला आणि ती बाळंतपणातच गेली. मावशीने तो गोऱ्हा बाटलीने दूध पाजून वाढवला. लाल्या. तो असा देखणा निघाला, की वळूंच्या केंद्राची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. मावशीला वाटलं, पोरगं सरकारी नोकरीला लागलं.

प्रशिक्षणात आम्हाला ते केंद्र दाखवायला नेलं होतं. तिथे एका तांबड्या वळूच्या गव्हाणीवर 'बिडकीन' असं लिहिलेलं दिसलं. गावचा माणूस परक्या शहरात भेटावा तसं झालं मला. पुढे मावशीच्या गोठ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा हे सहज बोलून गेले. मावशी हातातली पाटी ठेवून खालीच बसली.

"आगं, बघितलास तू त्याला? खातो का नीट?"

"खातो की. अंगाने भरलाय."

"चिडका हाय गं तो. हाणत-बिनत नाहीत ना त्याला?"

सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तशी ती करत होती. नंतर दर खेपेला तोच प्रश्न. मी केंद्रातल्या ओळखीच्या पर्यवेक्षकांना फोन करून खुशाली विचारायचे आणि मावशीला सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलं, लाल्या गेला. वय झालं होतं. ते मावशीला सांगायला मला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत मी नुसता चहा पिऊन आले.

ऐकल्यावर तिने अंगावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनी ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "संपलं माझं माहेर. दादाकडं आता टॅक्टर हाय. दावणीला एक शेपूट नाय."

मला राहवलं नाही. "मावशी, लाल्याच्या कांड्या अजून आहेत."

"म्हंजी?"

मी तिला समजावून सांगितलं. तो मेला, पण त्याचं बीज थंडीत ठेवलेलं आहे, जिवंत आहे. त्या वेळी मावशीकडे चांदी नावाची कालवड होती, बाजारातून आणलेली, कपाळावर पांढरा टिळा. तिचं आणि लाल्याचं काही नातं नव्हतं, म्हणून चालणार होतं. जिल्ह्याच्या भांडारात त्या क्रमांकाच्या दोनच कांड्या उरल्या होत्या. मागून आणल्या. मावशीला टाकीचं झाकण काढून दाखवलं. पांढरी वाफ मानेवरून खाली सांडली. ती वाकून आत बघत राहिली.

"एवढ्या गारठ्यात ठिवलंय व्हय माझ्या लेकराला?" एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर चांदी पहिल्यांदा माजावर आली. पहिली कांडी भरली. तीन आठवड्यांनी ती उलटली. सोट गढूळ दिसत होता, म्हणजे आत विकार होता. अशा वेळी घाई करून उपयोग नसतो. आधी डॉक्टरांचं औषध, मग तो माज सोडून द्यायचा आणि त्याच्या पुढच्या माजाला रेतन करायचं. एकच कांडी उरली होती. ती वाया घालवायची नव्हती. आम्ही थांबलो.

जानेवारीत एका सकाळी कॉलेजला निघताना बघते तर टाकीला बाहेरून घाम आलेला आणि मानेभोवती बर्फाची पांढरी किनार. या कामातला कुणीही हे बघून घाबरतो. टाकीला दोन भिंती असतात आणि मधे हवा काढून घेतलेली पोकळी. ती पोकळी फुटली की बाहेरची ऊब आत शिरते आणि तीन आठवडे पुरणारा नायट्रोजन दिवसभरात उडून जातो. आत पट्टी घालून बघितली. तळाला जेमतेम बोटभर उरला होता. बाकी कांड्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या, आत लाल्याची एकच होती. नायट्रोजन भरणारी सरकारी गाडी यायला अजून अवकाश होता. पैठणच्या सहकाऱ्याला फोन लावला, तो लग्नाला गेला होता. "अर्जंट असल तर डबा घेऊन ये," म्हणाला, पण त्याची टाकी कुलपात आणि तो लातूरला.

लग्न म्हटल्यावर मला एकदम आठवलं. हल्ली लग्नात धुराचं पान असतं. तोंडात घातलं की नाकातून धूर निघतो आणि लोक व्हिडिओ काढतात. तो धूर नायट्रोजनचाच. लग्नसराई होती. टाकी ओल्या पोत्यात गुंडाळली, पट्ट्याने बांधली आणि बीड बायपासला निघाले. तिथे रांगेने लॉन्स आहेत. पहिल्या दोन ठिकाणी आइस्क्रीमच होतं. तिसऱ्या लॉनवर दुपारच्या जेवणावळी चालू होत्या आणि एका कोपऱ्यात लाल पडद्याच्या काउंटरवर धुराचे लोट उठत होते. पान लावणाऱ्या माणसामागच्या पाटीवर सलीमभाई लिहिलेलं होतं. भोवती पोरांची झुंबड.

"भाई, थोडा नायट्रोजन मिळेल का?"

"कायकू? तुमारे यहां भी शादी है?"

"शादी नाही. गाईसाठी पाहिजे."

तो पान लावता लावता थांबला. "गाय कू भी धुएं का पान खिलाते क्या तुम लोगां?"

पोरं खिदळली. मला रडू यायचं बाकी होतं. मी टाकी खाली ठेवली आणि जमेल त्या हिंदीत सगळं सांगितलं. लाल्या, मावशी, एक कांडी. सलीमभाईने झाकण काढून स्वतः आत बघितलं. मग पोरांकडे वळून ओरडला, "चलो रे, बंद है पान. बाद में आओ."

"नायट्रोजन डालके फायदा नहीं, बेटा," तो म्हणाला. "तेरी टाकीच फूटी है. शाम तक फिर खाली. ये लेके जा." काउंटरखालून त्याने एक छोटी टाकी काढली, दोन लिटरची, मुळीच पोचे नसलेली.

"तुमचं काम अडेल."

"मेरेकू बडी है ना. मेरे अब्बा की भैंसां थीं, छावनी में. एक रेडी मरी तो अब्बा दो दिन खाना नहीं खाए. हौ, मालूम है मेरेकू." आणि हात झटकून म्हणाला, "जल्दी कर. हवा लगती है तो मरता ना वो?"

खरं होतं. कांडी एका टाकीतून दुसरीत न्यायला चिमट्याने काही क्षणच मिळतात. भोवती हातात पानाचे द्रोण घेऊन वऱ्हाडी उभे होते. मी कांडी उचलली आणि नव्या टाकीत सोडली. एका आजीने टाळी वाजवली, का ते तिलाही ठाऊक नसावं.

पण माझ्या मनाला चैन पडेना. जुन्या टाकीत द्रव तळाशी होता आणि कांडीचा वरचा भाग त्याच्या वर उघडा होता. किती वेळ, कोण जाणे. वरची ऊब लागून आतलं बीज मेलं असेल, तर बाहेरून काहीच फरक दिसत नाही. जिवंत कांडी आणि मेलेली कांडी अगदी सारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं.

"त्यात काय," त्या म्हणाल्या, "प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक कांडी उघडू, सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवू. हालचाल दिसली तर बाकीच्याही जिवंत."

"मॅडम, बाकीच्या नाहीत. एकच आहे."

उघडून बघितली तर कळेल, पण मग वापरायला काही उरणार नाही. न बघता वापरली आणि ती मेलेली असली, तर मावशीला आणखी तीन आठवडे आशा लावून ठेवल्यासारखं होईल. मॅडम म्हणाल्या, "हे मी ठरवू शकत नाही आणि तूही नाही. ज्यांची कांडी आहे त्यांना विचार."

मी मावशीकडे गेले. काही न लपवता सांगितलं. टाकी फुटली होती, कांडी जिवंत आहे की नाही मला माहीत नाही, बघायचं झालं तर फोडावी लागेल.

मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"बघून काय करू गं? जित्ता हाय म्हणून कळलं, आन् त्यातच संपला, तर मला लई वाईट वाटंल. न बघता ठिव चांदीच्या पोटात. तितं कळंल."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर नाय. मेलेल्याला एकदाच रडते मी. दुसऱ्यांदा नाय रडायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नको तोंड पाडू. जेवलीस का?"

थोड्याच दिवसांत सकाळी फोन आला. चांदी पहाटेपासून हंबरत होती. कॉलेज करून संध्याकाळी उन्हं उतरताना पोहोचले. सोट काचेसारखा स्वच्छ होता. मावशीने पितळी तांब्यात कोमट पाणी आणलं आणि मी थर्मामीटर काढेपर्यंत तिने त्यात कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. थर्मामीटरनेही तेच सांगितलं. कांडी पाण्यात धरली. पुसली. नळीत बसवली. मावशी चांदीच्या गळ्याखाली हात घालून तिच्या कानाशी काही पुटपुटत होती. त्या दिवशी मी मनात म्हणाले, हात, तू आज कॉलेजात शिकू नकोस, आपलं जुनं काम कर. आणि त्याने केलं.

नंतरचे तीन आठवडे मावशीने एकही फोन केला नाही. एरवी ती म्हशीने शिंकलं तरी फोन करते. सलीमभाईचा मात्र यायचा. त्याची टाकी मी परत केली होती तरी विचारायचा, "क्या खबर? ठहरा क्या?" मी म्हणायचे, "भाई, अजून कळायचं आहे." तो म्हणायचा, "हौ, दुआ करता मैं." तीन आठवडे गेले. चांदी माजावर आली नाही. तेवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. काही गाई मुका माज करतात, दाखवतच नाहीत. तीन महिने पूर्ण होऊ द्यायचे आणि हात घालून बघायचं.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधी गेले. मावशी त्या वेळी गोठ्यात थांबली नाही. "चुलीवर दूध हाय," म्हणून आत गेली. चुलीवर काही नव्हतं, मला दारातून दिसत होतं. मी हातमोजा चढवला. डोळे मिटले, कारण या कामात बोटांनीच बघायचं असतं. एका बाजूला गर्भाशय मोठं लागलं, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं. तो हलकेच दाबून सोडला आणि पाण्यात काहीतरी जड तरंगत येऊन बोटांना टेकलं. पुन्हा दाबून सोडलं. पुन्हा टेकलं.

"मावशी," मी हाक मारली.

ती दारात आली. माझ्या तोंडाकडे बघितलं. ती चांदीजवळ गेली आणि तिच्या पोटावर हात सपाट ठेवून उभी राहिली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "फोन लाव."

"कुणाला?"

"दादाला. कंधारला."

दादा फार म्हातारे, कानाने अधू. मावशीला ओरडावं लागत होतं. फोन मी स्पीकरवर ठेवला होता.

"दादा, म्या कौसा! आपली गाय गाभण हाय!"

"कोण गाय? आपल्याकडं कुठं गाय?"

"तांबडीचा वंश, दादा! लाल्याचं हाय पोटात! लाल्याचं!"

तिकडे दादांनी घसा खाकरला.

"पयलटकरीण हाय का?"

"व्हय."

"मग बाळंतपणाला माहेरी आणायची रीत हाय, कौसे. इसरलीस का?"

मावशी हसली. हसता हसता तोंडात पदर कोंबला. "टेम्पोत चढत नाय दादा ती. लई लाडाची हाय."

"मग म्याच येतो. कधी यिऊ इचार त्या डाक्टरणीला."

मी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "दिवाळीत, मामा. भाऊबीजेच्या आसपास."

फोन ठेवल्यावर मावशी थोडा वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठून घराच्या भिंतींवरून नजर फिरवली, जिथे जिथे पोपडे निघाले होते तिथे तिथे बोट लावून बघितलं.

"चुना मारून घ्यावा लागंल समद्याला," ती म्हणाली. "भाऊ यायलाय माझा."